पूर्णेच्या डोहावरील एक दिवस
(आपल्या व्यवसायाच्या इतिहासातील एक न लिहिलेले पान)

वऱ्हाडास समुद्र नाही. अमरावतीहून किंवा अकोल्याहून कोणत्याही दिशेस निघाले तरी खाऱ्या पाण्याची लाट दृष्टीस पडण्यासाठी शेकडो मैलांची वाट तुडवावी लागते. म्हणूनच कोकणातील मित्र आम्हांस थट्टेने विचारतात की, तुमच्या कापसाच्या मुलुखात मासेमार कसले? या प्रश्नाचे उत्तर आमच्या नद्या देतात. बेतुल जिल्ह्याच्या डोंगराळ प्रदेशात तापी, पूर्णा आणि वर्धा या तिन्ही नद्या उगम पावतात. पूर्णा भैसदेहीच्या बाजूने निघून अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांतून वाहत जाते, चांगदेवाजवळ तापीस मिळते, आणि ते पाणी पुढे सुरतेकडे अरबी समुद्रास जाते. वर्धा अमरावती जिल्ह्याची पूर्व सीमा आखीत दक्षिणेस उतरते, वैनगंगेस मिळून प्राणहिता होते आणि गोदावरीच्या द्वारे पूर्वसमुद्रास पोहोचते. एकाच अमरावती जिल्ह्यावर पडलेला पाऊस असा दोन समुद्रांत वाटला जातो. समुद्र आमच्याकडे आला नसला तरी आमचे पाणी दोन्ही समुद्रांस ठाऊक आहे, आणि त्या पाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या उपजीविका करणारा आपला भोई समाज या मुलुखात नांदत आला आहे.

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने यंदा आम्हांस 'आपल्या व्यवसायाचा इतिहास' या विषयावर लिहिण्याची आज्ञा केली. आम्हीही नेहमीप्रमाणे जुनी गॅझेटियरे, शिरगणतीचे अहवाल आणि ज्ञातिवर्णनाचे ग्रंथ समोर घेऊन बसलो होतो. परंतु गेल्या मार्गशीर्षात पूर्णेच्या काठी एका वृद्ध समाजबंधूच्या संगतीत आमचा एक दिवस गेला, आणि त्या एका दिवसाने आमचा सिद्ध झालेला लेख बाजूस ठेवावयास लावला. हे बंधू जन्मापासून बहिरे आहेत; तोंडाने बोलत नाहीत. त्यांचे व त्यांच्या गावाचे नाव आम्ही येथे छापीत नाही, कारण तशी त्यांची इच्छा आहे. वाचकांनी त्यांस आमच्याप्रमाणेच 'मोठेबाबा' म्हणावे. त्यांचा पुतण्या त्यांस याच नावाने ओळखतो.

पालखी आणि पाणी

आपल्या ज्ञातीविषयी छापील शब्द जो काही सापडतो तो बहुधा पालखीविषयी असतो. रसेल आणि रायबहादुर हिरालाल यांनी मध्यप्रांतातील जातिजमातींवर जो चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली प्रसिद्ध केला, त्यात धीमर, कहार, भोई ही नावे एकाच प्रकरणात गोवून 'मासेमार व पालखी वाहणारे' असे आपले वर्णन केले आहे. वास्तविक हे दोन अगदी भिन्न स्वभावाचे व्यवसाय होत. पण इतिहासकारांचे लक्ष त्यांतील एकाकडेच गेले, आणि त्यास कारणही घडले.

पालखीचे काम आवाजाचे. पुढचा भोई वाट पाही. मागच्यास पालखीआड काहीच दिसत नसे. म्हणून दगड आला, खळगा आला, पाणी आले, काटा आला, की पुढच्याने हाक द्यावी आणि मागच्याने ती झेलून पाऊल जपून टाकावे, अशी रीत होती. पावलांचा ठेकाही हुंकाराने धरला जाई. पालखीत बसलेला सरदार, सावकार किंवा साहेब हे सारे ऐके. ज्यास लिहिता येत होते असा मनुष्य आपल्या खांद्यावर होता आणि त्याच्या कानी आपला आवाज पडत होता, म्हणून प्रवासवर्णनांतून आणि रोजनिशांतून आपली पालखी शिल्लक राहिली. भाषेतही 'आम्ही केवळ पालखीचे भोई' हा वाक्प्रचार राहिला. दुसऱ्याचे ओझे वाहणारा, स्वतःचे मत नसलेला, असा त्याचा अर्थ लोक करतात. ज्याचे पाऊल चुकले असता आतला धनी उलथला असता, त्याच्या जबाबदारीचा विचार या वाक्प्रचारात नाही, असो.

१८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. पुढे १८६७ पर्यंत लोहमार्ग भुसावळ, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असा येत नागपुरास पोहोचला. आगगाडी आली, सडका झाल्या, आणि दूरच्या प्रवासाची पालखी हळूहळू अस्तास गेली. लग्नातील मेण्यापुरती ती काही काळ टिकली; आज ती देवाच्या उत्सवात दिसते. अकोल्यास श्रावणात गांधीग्रामच्या घाटावरून पूर्णेचे पाणी कावडीने आणून राजराजेश्वरास घालतात, तेव्हा खांद्यावरून भार वाहण्याच्या जुन्या विद्येची आठवण सर्व शहरास होते.

खांद्याचे काम गेले, पण पाण्याचे राहिले. नदीच्या रेतीत टरबूज-डांगरांच्या वाड्या लावणे, तलावात शिंगाडा लावणे, पुराच्या वेळी डोंगा घालून माणसे पार करणे आणि मासेमारी करणे, यांवर पुढील पिढ्या जगल्या. यांतील मासेमारी ही आपली खरी जुनी विद्या. परंतु ती विद्या मौनाची आहे. डोहावर कोणी सरदार बसलेला नसे, आणि बसला असता तरी त्यास ऐकावयास काही मिळाले नसते. आपल्या इतिहासाचा बोलका भाग लिहिला गेला आणि मुका भाग तसाच राहून गेला. हे आमच्या ध्यानात आजवर का आले नाही, याचे आम्हांस आता आश्चर्य वाटते.

डोहावर

त्या दिवशी आम्ही पहाटे चारच्या सुमारास मोठेबाबांच्या दारी पोहोचलो. थंडी कडाक्याची होती. कंदील ओट्यावर ठेवलेला होता. तो आमच्यासाठी नसून त्यांच्या बोलण्यासाठी आहे हे मागून समजले. अंधारात आपण तोंडाने बोलू शकतो. मोठेबाबांना बोलावयास उजेड लागतो. पुतण्याने कंदिलाजवळ हात नेऊन चारदोन खुणा केल्या, त्यांनी मान डोलाविली, आणि आम्ही तिघे निघालो.

पूर्णेचा हा भाग खारपाणपट्ट्यातील. दोन्ही तीरांवर काळी, खोल, भेगाळणारी जमीन; विहिरींचे पाणी खारट. अशा प्रदेशात नदीचा डोह म्हणजे गावाचे मोठे धन. काठावर डोंगा बांधलेला होता. मोठेबाबा पुढे बसले, पुतण्या मागे वल्हे घेऊन बसला, आम्ही मध्ये. आम्ही सवयीप्रमाणे, पाणी किती खोल असेल बरे, असे काहीसे विचारू लागलो, तोच पुतण्याने आम्हांस हळूच आवरले.

"मोठेबाबा म्हन्तात, बोलू नोका. मासा आयकते."

ज्यास स्वतःस ऐकू येत नाही त्याने आम्हांस हे सांगावे, याचे आम्हांस प्रथम हसू आले. घरी आल्यावर पुस्तके पाहिली, तेव्हा हसू ओसरले. रोहू, कटला, मृगळ, त्याचप्रमाणे मिशाळ शिंगाडा, या जातींच्या माशांच्या शरीरात हवेच्या पिशवीपासून आतल्या कानापर्यंत लहान हाडांची एक साखळी असते. एर्न्स्ट वेबर या जर्मन शरीरशास्त्रज्ञाने ती १८२० साली दाखवून दिली. पाण्यातील ध्वनी त्या पिशवीवर आदळतो आणि हाडांच्या द्वारे कानास पोहोचतो. १९२३ साली कार्ल फॉन फ्रिश या शास्त्रज्ञाने तर एका मिशाळ माशास शीळ घातली की जवळ यावयास शिकविले होते. आमच्या मोठेबाबांनी हे ग्रंथ पाहिलेले नाहीत. लहानपणी आजोबांनी डोंग्यात पाय आपटणाऱ्या भावंडांस चापट मारलेली त्यांनी पाहिली, आणि मासा पळालेला पाहिला. तेवढ्यावरून हा सिद्धान्त त्यांनी बांधला. मासा ऐकतो आणि मासेमार ऐकत नाही, अशा या डोहावर ऐकू येणारे आम्हीच काय ते निरुपयोगी होतो.

उजाडू लागले तसे त्यांचे काम आम्हांस दिसू लागले. फेकून टाकावयाचे गोल जाळे त्यांनी डाव्या कोपरावर घेतले, घोळाचा थोडा भाग खांद्यावर टाकला, आणि कंबरेतून वळून असे सोडले की शिशाच्या गोळ्यांचे कडे पाण्यावर एकाच क्षणी सर्व बाजूंनी पडले. मग दोरी बोटांत धरून ते स्थिर उभे राहिले. डोळे मिटलेले होते. आम्हांस वाटले, म्हातारपणाचा थकवा असेल. पुतण्याने मागून खुलासा केला की, जाळे तळाशी टेकले की नाही, खाली रेती आहे की गाळ, आत शिरलेला मासा मोठा की लहान, हे सर्व दोरीवाटे बोटांस समजते आणि त्या वेळी डोळ्यांची अडचण होते. दुसऱ्या वेळी त्यांनी डोंग्याच्या तळफळीवर तळहात टेकविला आणि बोट उजवीकडे दाखविले. तिकडे टाकलेल्या जाळ्यात एक चांगला रोहू आला. तो आम्हांस दिसला नव्हता, ऐकू आला नव्हता. फळीस लागलेला त्याच्या शेपटीचा धक्का हातास कळला होता.

मरळ धरण्याची त्यांची रीत निराळी. मरळ हा मासा पाण्यातील हवेवर भागवीत नाही. मधून मधून वर येऊन त्यास हवेचा घोट घ्यावा लागतो. तो वर येतो तेव्हा पाण्यावर एक लहान वर्तुळ उठते. वाऱ्याने उठलेली लहर आणि मरळाचे वर्तुळ यांतील भेद आम्हांस दिवसभर पाहूनही साधला नाही. मोठेबाबा वर्तुळ पाहत, बोटांवर काही मोजीत, आणि तो पुन्हा जेथे वर येईल त्या जागी जाळे तयार ठेवीत. सहांपैकी चार वेळा त्यांचा अदमास बरोबर ठरला.

हातांचे शब्द

दुपारी काठावरच्या बाभळीखाली भाकरी, ठेचा आणि सकाळचीच मासळी असे जेवण झाले. त्या वेळी आम्ही त्यांच्या खुणा लिहून घेण्यास आरंभ केला. आमची समजूत अशी होती की, मुक्या माणसाचे बोलणे म्हणजे भूक, तहान, झोप यांपुरते हातवारे. दोन तासांत आमच्या वहीची अकरा पाने भरली, आणि त्यांतील बहुतेक शब्द असे होते की त्यांस नेमका मराठी शब्द आम्हांसही सुचेना.

वाम म्हणजे नागमोडी सरकणारी तर्जनी. शिंगाडा म्हणजे दोन्ही गालांपासून बाहेर ओढलेली दोन बोटे. झिंगा म्हणजे वाकविलेल्या बोटाची टिचकी. मरळ म्हणजे खालून वर येऊन ओठांपाशी उघडणारी मूठ. पाण्याची खोली ते स्वतःच्या अंगावर दाखवितात; घोटा, गुडघा, कंबर, गळा, आणि डोक्यावर हात गेला की तेथे डोंग्याशिवाय जाऊ नये. पावसाळ्यात मरळाची तांबूस पिल्ले थव्याने वर फिरतात आणि आई त्यांच्या खाली राखण करते. त्या थव्यासाठी त्यांची खूण पाळणा हलविण्याची आहे, आणि पाळण्याच्या खुणेमागोमाग जाळे पाठीमागे लपविण्याची खूण येते. त्या थव्यावर जाळे टाकावयाचे नाही, असा त्याचा अर्थ. पूर येणार असल्याची खूण फेस, वाळलेली पाने आणि उलटा तळहात अशी तीन भागांची आहे. व्यापाऱ्याची खूण पाहून मात्र आम्हांस मोठ्याने हसू आले. दोन्ही हातांची तागडी करावयाची आणि एका पारड्यावर करंगळी हळूच दाबावयाची!

या खुणा त्यांनी एकट्याने घडविलेल्या नाहीत, ही गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. आजोबांच्या काळापासून डोहावरील सर्वच माणसे एका डोंग्यातून दुसऱ्या डोंग्यास हातानेच सांगत; कारण ओरडले की मासळी दबे. ऐकू येणाऱ्या मासेमारांच्या त्या कामापुरत्या खुणा होत्या. घरात बहिरे मूल जन्मले, आणि त्या मुलाने त्या खुणांची संपूर्ण भाषा केली. रुसवा, थट्टा, हिशेब, मरण, देव, सर्व काही तिच्यात आले. आज त्या घरातील चौदा माणसे ती बोलतात. नवी सून आली की पहिल्या वर्षात ती शिकते.

असे जगात अन्यत्रही घडले आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर मार्थाज व्हिनयार्ड नावाचे एक बेट आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून तेथील काही घराण्यांत आनुवंशिक बहिरेपण उतरत आले. एकोणिसाव्या शतकात चिलमार्क नावाच्या गावी तर सुमारे पंचवीस माणसांत एक बहिरा होता. नोरा ग्रोस या विदुषीने १९८५ साली त्या बेटाचा इतिहास प्रसिद्ध केला. तेथे ऐकू येणारे लोकही खुणांची भाषा बोलत, आणि समुद्रावर जेथे हाक पोहोचत नसे तेथे मासेमार एका नावेतून दुसऱ्या नावेशी हातांनी बोलत. बेटावरील त्या परंपरेतला शेवटचा बहिरा मनुष्य १९५२ साली वारला. सात समुद्रांपलीकडील त्या मासेमारांची रीत पूर्णेच्या डोहावर कोणी शिकविली नाही. जेथे शांतता हे व्यवसायाचे भांडवल असते तेथे बहिऱ्यास बरोबरीची जागा मिळते, एवढाच त्याचा अर्थ.

ग्रंथांनी काय म्हटले

अशी बरोबरी ग्रंथांनी मात्र दिलेली नव्हती. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात वडिलोपार्जित वाट्यास अपात्र ठरविलेल्यांची यादी आहे. तीत जन्मांधाबरोबर बहिरा आणि मुकाही बसविलेला आहे. त्यांस अन्नवस्त्र द्यावे, वाटा देऊ नये, असा तो नियम. इंग्रजी न्यायालयांनी हाच नियम हिंदू कायदा म्हणून चालविला. १९२८ च्या कायद्याने जन्मजात बहिऱ्या-मुक्या माणसांवरील ही बंदी बऱ्याच अंशी उठविली, आणि १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने व्याधी किंवा व्यंग या कारणास्तव कोणासही वारशातून वगळता येणार नाही असे निश्चित केले. मोठेबाबांच्या घरी हा प्रश्न न्यायालयाविनाच सुटला. त्यांच्या आजोबांनी मरतेवेळी आपले जाळे नातवंडांतील या एकाच्याच हाती दिले होते. कारण, पुतण्या सांगतो त्याप्रमाणे, 'दोरी त्यालेच समजे.'

शिक्षणाची कथाही अशीच. मुंबईत १८८५ च्या सुमारास बहिऱ्या-मुक्यांची शाळा निघाली. परंतु त्याच्या थोडे आधी, १८८० साली, इटलीतील मिलान येथे शिक्षकांची जी परिषद भरली तिने बहिऱ्या मुलांस केवळ तोंडी बोलणे शिकवावे, हातांच्या खुणा शाळेतून घालवाव्यात, असा ठराव केला. ठराव करणारे जवळजवळ सर्व ऐकू येणारे होते. त्या ठरावाची छाया जगभरच्या शाळांवर फार दीर्घकाळ पडली. २०१० साली व्हँकूव्हर येथील परिषदेने त्याबद्दल खेद प्रकट केला. आपल्या देशात २०१५ साली भारतीय सांकेतिक भाषेचे संशोधन व प्रशिक्षण केंद्र दिल्लीस स्थापन झाले. त्या केंद्राने २०२१ पर्यंत दहा हजार शब्दांचा कोश सिद्ध केला. हे कार्य मोठे आहे. पण डोहावरील पाळण्याची खूण अशा कोशांत यावयाची तर ती कोणी तरी तेथवर पोहोचविली पाहिजे, आणि ते काम आपल्याच माणसांचे आहे.

आमची चूक

आता जे लिहावयाचे ते लिहिताना लेखणी जड होते. तथापि या लेखाचे प्रयोजनच ते असल्यामुळे टाळता येत नाही.

जेवणानंतर मोठेबाबांनी आमच्याकडे पाहून एक खूण केली. बोट कानामागे नेले, तेथून जणू लेखणी काढली, तळहातावर लिहिल्यासारखे केले, आणि तो तळहात आमच्यापुढे उघडा धरला. आम्ही पुतण्याकडे पाहिले. तो जरा संकोचला. मग म्हणाला, "ही तुमची खून हाय. तुमी बारा वर्साआधी आल्ते, कानावर पेन ठेवून. इचारून राह्यले, का लिवलं होतं म्हनून."

बारा वर्षांपूर्वी ज्ञातीच्या कुटुंबगणनेसाठी आम्ही त्या गावी गेलो होतो. ती वही अद्याप आमच्याच कपाटात आहे. त्या रात्री घरी येऊन आम्ही ते पान काढले. कुटुंबप्रमुख, वय, शिक्षण, व्यवसाय असे रकाने होते. मोठेबाबांच्या भावाच्या नावापुढे व्यवसायाच्या रकान्यात 'मासेमारी' लिहिलेले आहे. मोठेबाबांच्या नावापुढे त्याच रकान्यात, आमच्याच हस्ताक्षरात, एकच शब्द आहे: 'मुका'.

इंग्रज सरकारच्या शिरगणतीत १८८१ पासून १९३१ पर्यंत वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी यांची निराळी मोजणी होत असे. आम्ही त्या अहवालांवर टीका करणारे लेख लिहिले आहेत. परक्यांनी आपल्या माणसांस व्यंगाने ओळखले, असे त्यांत म्हटले आहे. त्या अहवालांत निदान व्यंगाचा रकाना वेगळा होता. आम्ही व्यंग हाच त्यांचा व्यवसाय ठरविला. दिवसभर जो मनुष्य दोरीवर डोह वाचतो, त्याच्या दारी आम्ही कानावर लेखणी ठेवून गेलो, त्याच्याशी एक शब्दही न बोलता भावाकडून माहिती घेतली, आणि निघून आलो. त्यांनी मात्र आम्हांस बारा वर्षे लक्षात ठेवले आणि नावही दिले.

ही चूक केवळ वहीपुरती राहत नाही. २०११ च्या जनगणनेत देशात ऐकण्याचे अपंगत्व असलेली सुमारे ५० लाख ७१ हजार माणसे नोंदली गेली. त्यांतील काही आपल्याही घरांत आहेत; आणि आपली वागणूक पाहा. धरणे झाली, काटेपूर्णेसारखी जलाशये निर्माण झाली. १९५७ साली हिरालाल चौधुरी यांनी कार्प माशांची प्रेरित पैदास साधल्यापासून मत्स्यबीज सोडून तलावांत मासळी वाढविण्याचा मार्ग खुला झाला. मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांकडे आले. व्यवसाय नदीवरून कागदावर आणि सभेत गेला. सभा तोंडाने चालते. आमच्याच भागातील एका संस्थेने जलाशयावर उतरण्याची तारीख सभेत तोंडी जाहीर केली. मोठेबाबा त्या सभेत पहिल्या रांगेत बसले होते. पुतण्या त्या दिवशी परगावी होता. ते आठ दिवसांनी जाळे घेऊन गेले तेव्हा वाटणी होऊन गेली होती. त्यांच्यावर कोणी मुद्दाम अन्याय केला नाही, असे सर्व जण सांगतात, आणि ते खरेही आहे. पण पालखीच्या काळी पुढचा भोई मागच्यास हाक देण्यास चुकत नसे. मागच्यास दिसत नाही हे त्यास ठाऊक होते. येथे मागच्यास ऐकू येत नाही हे आपणां सर्वांस ठाऊक होते, आणि वर्दी कोणी दिली नाही.

विनंती

म्हणून समाजबंधूंस आमची तीन गोष्टींची विनंती आहे. पहिली ही की, पुढील कुटुंबगणनेत प्रत्येक व्यक्तीस तिच्याशीच बोलून विचारावे. तोंडाने न जमल्यास घरातील खुणा जाणणाऱ्याच्या साह्याने. दुसरी, आपल्या संस्थांच्या सभांत तारीख, वाटणी आणि दर ही तिन्ही फळ्यावर लिहावीत, आणि जेथे असा सभासद असेल तेथे त्याच्या घरचा खुणा जाणणारा एक माणूस शेजारी बसविल्याखेरीज सभा सुरू करू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने खुणांच्या भाषेस संवादाचे साधन म्हणून स्थान दिलेच आहे. आपण कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. तिसरी, ज्या ज्या डोहावर, तलावावर अशा खुणा अद्याप चालत असतील तेथील तरुणांनी त्या वहीत उतरवून, शक्य तर चलच्चित्रात घेऊन, मंडळाकडे पाठवाव्यात. मोर्शी तालुक्यातील ऋद्धपूर ही मराठी गद्याच्या आरंभकाळाशी निगडित भूमी म्हणून आपण वऱ्हाडकर अभिमानाने सांगतो. त्याच वऱ्हाडात पूर्णेच्या काठी एक बोली शब्दांवाचून नांदत आहे, हेही सांगता यावे.

आम्ही आमच्यापुरती दुरुस्ती केली आहे. जुन्या पानावरील तो शब्द खोडून त्या जागी असे लिहिले आहे: 'व्यवसाय : मासेमारी. विशेष : डोहाचे जाणकार. भाषा : हातांची.' पौषात पुन्हा त्या गावी जाऊन ते पान मोठेबाबांस दाखविले. त्यांस अक्षरओळख नाही. पुतण्याने प्रत्येक शब्द खुणेने सांगितला. त्यांनी खोडलेल्या शब्दावर बोट ठेवून तो काय होता हे विचारले. पुतण्या आमच्याकडे पाहू लागला. सांग, असे आम्ही म्हणालो, आणि त्याने सांगितले.

मोठेबाबा काही वेळ त्या पानाकडे पाहत राहिले. मग त्यांनी दोन्ही हातांची तागडी केली, एका पारड्यावर करंगळी दाबली आणि आमच्याकडे रोखून पाहिले. आम्ही मान खाली घातली. तेव्हा त्यांनी करंगळी काढून घेतली, दोन्ही तळहात सारख्या उंचीवर आणले, आणि जाळे खांद्यावर टाकून आम्हांस डोहाकडे चलण्याची खूण केली.